जादा इंजिन बांधायचं तर १६४१ की १७७६?

जुनी फोक्सवॅगन बीटल सांभाळणाऱ्याच्या गॅरेजात कुठल्या तरी कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एक जादा इंजिन असतंच. कुणी गाडी भंगारात काढताना दिलेलं असतं, कुणी घर बदलताना. माझ्याकडे तसंच आलं, दोनशे डॉलरला. नंबराच्या सुरुवातीला ‘एई’ अक्षरं, म्हणजे १९७१-७२ चं १६०० सीसीचं ड्युअल पोर्ट, दोन्ही बाजूंना मिश्रण आत यायच्या दोन-दोन वाटा असलेलं. गाडी माझी १९७० ची. गाडीतलं इंजिन चालू असताना हाताशी दुसरं असणं ही फार मोठी सोय आहे, कारण घाई नसते. आणि घाई नसली की मनात येतंच, उघडायचंच आहे तर थोडा जोर वाढवून का बांधू नये?

इथे सॅक्रामेंटोत आणि बे एरियात या गाडीचा नाद असलेले जे थोडे मराठी लोक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचा आणि पुण्यातल्या एका मित्राचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो. ८७ मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर बसवून इंजिन १६४१ सीसीचं करायचं, की केस (इंजिनाचं मुख्य कवच) आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) बोअर करून, म्हणजे त्यांची भोकं मोठी करून, ९०.५ चे बसवायचे आणि १७७६ करायचं? क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, दोन्हीकडे मूळचाच, ६९ मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनची धाव तेवढी. मी आधी गाडीतल्या इंजिनाचं १६४१ केलं, साडेतीन वर्षं चालवलं, आणि मग जादा इंजिन १७७६ बांधलं. त्यामुळे सांगतो ते या दोन इंजिनांपुरतंच आहे.

बाकीचे पर्याय मी लवकर बाजूला ठेवले. ८८ चे सिलिंडर मूळ जागेत बसतात, पण त्यांची भिंत इतकी पातळ की ते हातात घेतल्यावरच मन नको म्हणतं. ९२ चंही तसंच. ९०.५ साठी केस जितकी बोअर करायची तितकीच ९२ साठी करायची, म्हणजे वाढलेला बोअर सगळा भिंतीतून जातो. ९४ चे, म्हणजे १९१५, भिंतीला चांगले, पण तिथे केसमधून आणखी धातू जातो आणि उष्णताही वाढते. लांब स्ट्रोकचा क्रँक घेतला की आतून केस घासायची, रॉड बघायचे, आणि बजेट हा शब्द तिथेच संपतो.

आता १६४१ च्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू कमजोर नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे केस उघडावी लागत नाही. इंजिन खाली उतरवा, टिन (हवा वळवणारे पत्रे) काढा, हेड काढा, जुने सिलिंडर-पिस्टन काढा, नवे सरकवा. मी गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगला जोडून आलेल्या सुट्टीत हे सगळं एकट्याने केलं. मशीनवाल्याचं तोंडही बघावं लागलं नाही. खर्च सिलिंडर-पिस्टनचा संच, गॅस्केट, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांची रबरं, एवढाच. १५८४ वरून १६४१ म्हणजे ५७ सीसी वाढले, साधारण साडेतीन टक्के. खरं सांगायचं तर गाडीला जो नवा दम आला, तो त्या ५७ सीसीचा कमी आणि नव्या रिंगा, घासून बसवलेले व्हॉल्व्ह यांचा जास्त. पण आला हे खरं. सपाट रस्त्यावर, ऑफिसला जा-ये करायला मला कधीच कमी पडलं नाही.

एक धक्का तेव्हाच बसला होता. हेडचे नट २३ फूट-पौंडाला आवळताना एका नटावर पाना घट्ट होता होता अचानक मऊ लागला. ज्याने हे अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको. केस मॅग्नेशियमची, हेड धरून ठेवणारे स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, १० मिलिमीटरचे, आणि पन्नास वर्षांच्या उष्णतेनंतर आटे स्टडबरोबर बाहेर यायला तयारच असतात. त्या एका जागी इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, घातला आणि बाकीचे पंधरा देवाच्या भरवशावर ठेवले. केस बंद असताना भोक पाडलं की कीस आत जाण्याची भीती, म्हणून जास्त हात लावला नाही.

तरीही माझं मन ज्याने बदललं ती गोष्ट वेगळीच. वास.

बीटलचा हीटर म्हणजे इंजिनाच्या पंख्याची हवा एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून फिरून आत येते. त्या पेट्यांच्या वरच पुशरॉडच्या नळ्या. तिथून एक थेंब जरी गळला, तरी तो तापलेल्या लोखंडावर पडतो आणि त्याचा वास सीटखालून पायांशी येतो. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं उतरतं, इथे त्याला टूली फॉग म्हणतात. समोरची गाडी दिसत नाही, काचा आतून ओलसर होतात आणि हीटर बंद ठेवून चालत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात रविवारी सकाळी मुलीला मराठी शाळेत सोडायला जायचो तेव्हा ती पाच मिनिटांतच विचारायची, “बाबा, काच खाली करू?” बाहेर पाच अंश, अंगावर शाल, आणि काच खाली. घरी आल्यावर त्या शालीला जळक्या ऑइलचा वास यायचा, आणि आई ती शाल दोन दिवस गॅलरीत टाकायची.

मी नळ्यांची रबरं बदलली. रॉकरच्या झाकणांची गॅस्केट बदलली. हीटरच्या पेट्या काढून रॉकेलने धुतल्या. प्रत्येक वेळी दोन-तीन हजार मैल बरं चालायचं आणि वास परत यायचा. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना उघडलं की धूर फुसफुसत बाहेर यायचा. तेव्हा कळलं की गळती ही रबराची चूक नाही. रिंगांच्या बाजूने खाली उतरणारा दाब केसमध्ये साठतोय आणि जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतोय.

इंजिन उतरवल्यावर तिसऱ्या नंबरच्या पिस्टनवर रिंगांच्या खाली तपकिरी ओघळ दिसले. माझ्याकडे बोअर मोजायचं गेज नव्हतं. मी जुनी पद्धत वापरली. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घातली, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ केली, गॅरेजचा दिवा बंद केला आणि खालून बल्ब धरला. पहिल्या नंबरात सगळीकडे अंधार. तिसऱ्या नंबरात एका बाजूला, बीजेच्या चंद्रासारखी, उजेडाची बारीक कोर. सिलिंडर गोल राहिला नव्हता. तिसरा नंबर या इंजिनात मुळातच गरम चालतो, माझ्या १९७० च्या इंजिनात ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा आहे, आणि ८७ ची भिंत मूळच्या ८५.५ पेक्षा पातळ.

माझा तो एकच संच तसा निघाला असेल, हे मान्य. ८७ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारी माणसं मला माहीत आहेत. कदाचित १९७१ नंतरचा बाजूला सरकवलेला कूलर आणि त्याचा पंखा मी तेव्हाच बसवला असता, तर हे झालंही नसतं. पण ती कोर एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मला पातळ भिंतीवर पुन्हा पैसे घालवत नाहीत.

१७७६ चं गणित उलटं आहे. ९०.५ चा संच ८७ च्या संचाइतक्याच किमतीत मिळतो. त्याच्या भिंती जाड असतात. जास्तीचा खर्च होतो तो मशीनवाल्याकडे, केस आणि दोन हेड बोअर करण्याचा, आणि त्यासाठी केस पूर्ण उघडावी लागते. मला यासाठी साधारण अडीचशे डॉलर जास्त पडले आणि सहा आठवडे थांबावं लागलं. गाडी दारात चालू होती म्हणून ते सहा आठवडे जाणवलेही नाहीत. जादा इंजिन असण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. गाडी अडकलेली असती तर मीही पुन्हा १६४१ च केलं असतं.

आणि केस उघडीच आहे म्हटल्यावर बाकीची कामंही त्याच फेरीत उरकतात. सोळाही स्टडना इन्सर्ट, सिलिंडर जिथे बसतात ती खचलेली पातळी एकसारखी करणं, मेन बेअरिंगच्या जागा तपासणं, ऑइल फिल्टरसाठी केसला आटे पाडणं. मूळ इंजिनात फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, हे आपण सगळे जाणतो आणि तरी पुढे ढकलतो. कॅमशाफ्टही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, तेव्हाच बदलला. मी एंगलचा डब्ल्यू १०० घेतला, फार तापट नाही. नव्या कॅमबरोबर टॅपेट (त्या उंचवट्यांवर घासणारे भाग) नवेच घ्या, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीस मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. इथे काटकसर केलेली मी दुसऱ्याच्या इंजिनात पाहिली आहे, कॅमचे उंचवटे महिन्याभरात सपाट झाले.

एका गोष्टीकडे मात्र १७७६ मध्ये दुर्लक्ष चालत नाही, ती म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. बोअर वाढला, हेडची खोली, म्हणजे मिश्रण जळतं ती पोकळी, तेवढीच राहिली, की आकडा आपोआप चढतो. मी हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवले, वर ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच चिकटवली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रंगीत स्पिरिट भरत गेलो. चारही खोल्या ५३ सीसीच्या आसपास आल्या. पिस्टन सर्वांत वर असताना सिलिंडरच्या कडेपासून १.६ मिलिमीटर खाली, म्हणजे आणखी साधारण १०.३ सीसी. एका सिलिंडरचे ४४४ सीसी. हिशेब केला तर ८ ला १. कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनच्या वरचं पेट्रोल सहसा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात इथे पारा चाळीसच्या वर जातो. म्हणून त्याच्या वर जायचं मी टाळलं. तुमच्याकडे आकडा जास्त आला तर सिलिंडरखाली शिम (पातळ चकती) घाला किंवा हेडची खोली वाढवून घ्या.

कार्बोरेटरवर लोक फार भांडतात. माझं मत एवढंच की तो नंतर बदलता येतो, केस नंतर बोअर करता येत नाही. १७७६ मी पहिलं वर्षभर मूळच्याच सोलेक्स ३४ पिक्ट ३ वर चालवलं. खालच्या आरपीएमला ओढ छान होती, साडेतीन हजारांनंतर श्वास कमी पडायचा. डिस्ट्रिब्युटर व्हॅक्युमचा ठेवला, बॉशचा ००९ मुद्दाम टाळला, कारण या कार्बोरेटरबरोबर तो लावला की रेस देताना इंजिन मधेच क्षणभर अडखळतं. पैसे साठल्यावर काद्रोन कार्बोरेटरची जोडी बसवली. तेव्हा वरचाही दम आला. तिची एक सवय लक्षात ठेवा. हे इंजिन गरम झालं की रुंद होतं, दोन्ही हेड बाहेर सरकतात आणि दोन्ही कार्बोरेटर जोडणाऱ्या मधल्या दांडीचा हिशेब थोडा बदलतो. म्हणून दोघांचा मेळ नेहमी इंजिन तापल्यावर बसवावा, थंडीत बसवलेला टिकत नाही.

फरक किती, हे मी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेलं नाही. माझा डायनो म्हणजे सॅक्रामेंटोहून डॉनर समिटला जाणारा आय-८० चा चढ, जवळजवळ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरपर्यंत. १६४१ वाटेतल्या ऑबर्नच्या पुढे तिसऱ्या गिअरात यायचं आणि ट्रकांच्या लेनमध्ये ४५ मैलांनी, कान देऊन ऐकत चालायचं. १७७६ त्याच्याही पुढच्या कोलफॅक्सपर्यंत चौथ्यातच राहतं, ५५-६० ला. त्यापुढे हवा विरळ होते आणि तिसरा लागतोच, पण पाय पूर्ण दाबलेला नसतो. वर पोहोचल्यावर डिपस्टिक काढून बोटांत धरता येते, पूर्वी धरवत नव्हती. याचं श्रेय मी या वेळी बसवलेल्या, बाजूला सरकवलेल्या नव्या कूलरला आणि जागच्या जागी ठेवलेल्या थर्मोस्टॅट, पडद्या, टिन, रबर यांनाही देतो. ते काढून टाकून कुठलंच इंजिन बांधू नका, १६४१ असो वा १७७६.

पुण्याच्या मित्राला मी जरा वेगळं सांगितलं. तिथे मजुरी स्वस्त, सुटे भाग बाहेरून मागवायचे, वर कस्टम. म्हणजे जो खर्च मला जास्तीचा पडला तोच तिथे हलका, आणि तराजू आणखीच ९०.५ कडे झुकतो. पण केस दोन अर्धुकं जोडून, नीट पकडून, चारही बोअर क्रँकच्या रेषेला काटकोनात करणारा माणूस हवा. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो हेही त्याला ठाऊक हवं. लेथवाल्याने “ॲल्युमिनियमच आहे ना?” असं विचारलं तर केस उचलून घरी आणावी. तसा माणूस मिळत नसेल तर ८७ चे चांगले सिलिंडर घ्यावेत, प्रत्येकात रिंग घालून उजेड बघावा, आणि मगच बसवावेत. त्याची गाडी १२०० ची, ४० हॉर्सपॉवरवाली असेल तर हे दोन्ही हिशेब लागू नाहीत, ती केस निराळी.

आमच्याकडे आता हीटर पूर्ण उघडा असतो. तीन हिवाळे झाले, काच खाली करण्याची वेळ आलेली नाही. १६४१ चं इंजिन सध्या ताडपत्रीखाली जादा म्हणून आहे. मागच्या शनिवारी मी ते उघडायला घेतलं. क्रँक चांगला निघाला. केसची दोन्ही अर्धुकं धुऊन पुठ्ठ्यात बांधून ठेवली आहेत, जानेवारीत मशीनवाल्याकडे जातील, सोळा इन्सर्ट आणि ९०.५ च्या बोअरसाठी.