मे महिन्यातलं विज्ञान शिबिर: मुंबईचं संग्रहालय, दाजीपूरचं जंगल की गावातला हॉल?

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की पालक मला शाळेच्या फाटकाशी गाठतात. "बाई, पोरगं दिवसभर मोबाइल घेऊन बसतंय. कुठल्या तरी शिबिरात घालावं म्हणतोय. सायन्सचं असलं तर बरंच की." विज्ञान शिकवते म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो, आणि माझ्या स्वतःच्या दोन मुलींसाठी मीही तो दरवर्षी सोडवते. फाटकाशी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून यंदा सविस्तर लिहून काढते.

कोल्हापूरकरांपुढे साधारण तीन वाटा असतात. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयाचं किंवा विज्ञान केंद्राचं शिबिर, राधानगरी-दाजीपूर भागातलं निसर्ग शिबिर आणि गावातच एखाद्या हॉलमध्ये किंवा शाळेत होणारं 'सायन्स कॅम्प'. तिन्ही मी जवळून पाहिली आहेत. त्यातल्या तिसऱ्याचं आधी सांगते, कारण बहुतेक जण सोय बघून तिथंच नाव घालतात.

माझी थोरली तिसरीत होती तेव्हा मीही तेच केलं. घरापासून दहा मिनिटं, सकाळी दोन तास, पाच दिवस. साठेक मुलं आणि शिकवणारे दोघं. पहिल्या दिवशी ज्वालामुखी केला: मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस उसळला, टाळ्या झाल्या. हिनं विचारलं, "लाव्हा पांढरा का?" त्यांनी सांगितलं, "पुढच्या प्रयोगाला चल." पाचव्या दिवशी ती प्रमाणपत्र आणि डबीभर स्लाइम घेऊन घरी आली.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. सोडा आणि आम्लाच्या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा तो फेस. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. दोन्हींचा काही संबंध नाही आणि हे आठ वर्षांच्या मुलीला सांगता येतं. शिवाय आपण उभे आहोत तेच मुळी खऱ्या लाव्ह्यावर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा आपला काळा पाषाण. पन्हाळ्यावर आणि मसाई पठारावर जो तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा दिसतो, तोही याच खडकाची झीज होऊन बनला. लाखो वर्षांच्या पावसानं विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. शिबिराच्या हॉलबाहेरच्या जुन्या कुंपणाला तोच जांभा होता. एक तुकडा आत आणून मुलांच्या हातात दिला असता तर निम्मं शिबिर सार्थकी लागलं असतं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. पोराच्या हातात किंवा डोळ्यासमोर खरी वस्तू येते का, आणि तिच्याकडे बघत बसायला त्याला वेळ मिळतो का?

संग्रहालय: पक्षी उडून जात नाही

या कसोटीवर संग्रहालय वरचढ ठरतं. झाडावरचा खंड्या तीन सेकंद दिसतो. ट्रेमधला खंड्या अर्धा तास तसाच पडून असतो. चोच मोजा, पायाची बोटं मोजा, पंखावरचा निळा रंग उजेडात कसा पालटतो ते बघा. मुंबईतल्या एका शिबिरात थोरलीनं असे अभ्यासासाठी राखलेले पक्षी पाहिले. डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकावर एक बांधलेले आणि त्या पायांना दोऱ्यानं अडकवलेली इवलीशी चिठ्ठी. तिच्यावर शाईनं गाव, तारीख, पक्षी कुणी मिळवला त्याचं नाव. घरी आल्यावर तिनं पहिलं सांगितलं ते त्या चिठ्ठीबद्दल. "आई, चिठ्ठी हरवली तर तो पक्षी नुसता मेलेला पक्षी." नोंद म्हणजे काय हे मी तिला तीन वर्षं वर्गात सांगत होते.

यात नवल नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अली लहानपणी मारलेली एक चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते, कारण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती ओळखू येत नव्हती. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला परत न पाठवता पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. पुढचं सगळं त्या खणांपासून सुरू झालं.

ही सोसायटी १८८३ सालची. तिचं हॉर्नबिल हाउस आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मुंबईत एकमेकांना लागून आहेत. वस्तुसंग्रहालयात निसर्ग इतिहासाचं दालन आहे, प्राण्यांचे त्यांच्या अधिवासासकट उभे केलेले देखावे आहेत, आणि २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. गोरेगावला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे. तिथं संग्रहालयाची शिस्त आणि बाहेरचं रान दोन्ही मिळतं, म्हणून मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर मी आधी तिथली चौकशी करायला सांगते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र चांगलंच आहे, पण तिथं भर भौतिकशास्त्रावर आणि यंत्रांवर. किडे-पाखरांच्या मागं लागलेल्या मुलाला ते पुरणार नाही.

पुण्याचं थोडक्यात सांगते. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका मुलांसाठी उत्तम जागा आहे. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे, इथं १९३८ साली जन्मलेले, हे मुलांना जरूर सांगा. पण तिथला उन्हाळी उपक्रम प्रामुख्याने पुण्यातल्या वरच्या वर्गातल्या मुलांसाठी आणि विषय मुख्यतः आकाशाचा. म्हैसूरला कारंजी तलावाकाठी केंद्र सरकारचं प्रादेशिक निसर्ग इतिहास संग्रहालय आहे. ते सहलीत बघावं. शिबिरासाठी आठवडाभर तिथं राहणं आपल्याला झेपणारं नाही.

आता अडचणी. पहिली राहण्याची. शिबिर बहुतेकदा दिवसाचं असतं, म्हणजे आई-वडिलांपैकी एकानं किंवा मावशी-आत्यानं रोज ने-आण करायची. मुंबईत हक्काचं घर नसेल तर शिबिराच्या फीपेक्षा राहण्या-खाण्याचाच खर्च जास्त होतो. दुसरी तिकिटाची. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं आणि मे महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस लगेच भरते. शिबिराची जाहिरात बघून मग तिकीट काढायला गेलात तर वेटिंगच मिळेल. मी मार्चमध्येच चौकशी करून ठेवते.

तिसरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल पालक लाजून बोलत नाहीत. मुंबईच्या शिबिरांत बरंचसं बोलणं इंग्रजी-हिंदीत चालतं. मराठी माध्यमातलं मूल पहिले दोन दिवस गप्प बसतं, आणि पाच दिवसांच्या शिबिरात दोन दिवस म्हणजे फार झाले. थोरलीसाठी मी एक उपाय केला. जायच्या आधी पंधरा पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं वहीत शेजारी शेजारी लिहून घेतली. खंड्या म्हणजे किंगफिशर, टिटवी म्हणजे लॅपविंग, सुगरण म्हणजे बाया वीव्हर, हळद्या म्हणजे ओरिओल. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, "ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" आणि वेडा राघू हे नाव ऐकून सगळा गट खूश. तिथून तिची भीड चेपली.

दाजीपूर: वस्तू जिवंत आहे, पण सांगेल तेव्हा येत नाही

राधानगरी आपल्यापासून ५०-५५ किलोमीटर, दाजीपूर ८० च्या आसपास. एसटीला आईला अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या मुलालाही अर्धं. १९५८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य गव्यांसाठी ओळखलं जातं आणि प्रत्येक मूल गवा बघायलाच निघतं. गवा दिसेलच असं नाही. हे निघायच्या आधी मुलाला सांगा, नाहीतर परतीच्या एसटीत रडारड. आमच्या गटाला गवा दिसला नाही. चिखलात वाळून कडक झालेला त्याच्या खुराचा ठसा दिसला, माझ्या तळहातापेक्षा मोठा. धाकटीनं त्यात हात ठेवून बघितला आणि पुढचा अर्धा तास ती जमिनीकडे बघतच चालली.

मे महिन्याची मजा लहान जिवांत आहे. कोरड्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतात, तळाशी एक किडा दबा धरून बसलेला. मुंगी काठावरून घसरली की तो खालून माती उडवतो, ती आणखी घसरते. हीच अळी पुढं चतुरासारखे पंख घेऊन उडते. दहा मुलं पालथी पडून हे बघत होती आणि कुणाचाही आवाज येत नव्हता. मेअखेरीस वळवाच्या सरी झाल्या की रात्री काजवे. त्यांच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी मिळून उजेड देतं आणि उष्णता जवळजवळ होतच नाही. बल्बला हात लावून चटका बसलेल्या मुलाला हे लगेच उमजतं. काजवे हातात धरू नयेत, बाटलीत तर नाहीच. झाडाखाली टॉर्च आणि मोबाइल बंद करून उभं राहायचं.

पण जंगलातलं शिबिर निवडताना पालकांनी कडक व्हावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. साप चावला तर कुठल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, तिथं प्रतिसर्पविष आहे का आणि रात्री गाडी हाताशी असेल का, हे आयोजकांना सरळ विचारा. उत्तर देताना ते अडखळले तर नाव घालू नका. वनखात्याची परवानगी आहे का, मुलींच्या राहण्याची आणि संडास-बाथरूमची सोय कशी आहे, सोबत बाई आहेत का हेही विचारा. धरणाच्या पाण्यात पोहणं कार्यक्रमात असेल तर मी तिथूनच नाही म्हणते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, त्यामुळे जूनमध्ये नेऊ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

मग कुणी कुठं जावं?

आठ ते दहा वर्षांच्या मुलाला मी संग्रहालयाकडे पाठवीन, मुंबईत घर असेल तर. या वयाला जवळून बघणं आवडतं आणि रात्री आई लागते. अकरा-बारापासून पुढं दाजीपूर. तोवर न दिसलेल्या गव्याची निराशा सोसता येते आणि ठशावरून अंदाज बांधण्यातली गंमत कळते. दोन्ही जमणार असेल तर आधी संग्रहालय, मग जंगल. चोच हातभर अंतरावरून बघितलेलं मूल झाडावरचा पक्षी निम्म्या वेळात ओळखतं, हे मी दोन्ही मुलींत पाहिलं. डायनासोरचं वेड असेल तर मात्र दाजीपूरला नेऊन उपयोग नाही. लाव्ह्याच्या खडकात हाडं टिकत नाहीत. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरससारख्यांची हाडं मिळाली ती वेगळ्या, गाळाच्या खडकांत.

गावातल्या हॉलला माझा सरसकट विरोध नाही. नोकरी करणाऱ्या आई-बापांना सकाळचे दोन तास सुरक्षित जागा लागते, हे मलाही लागलेलं आहे. फक्त दोन गोष्टी बघा. एका शिक्षकामागं पंधराहून जास्त मुलं नकोत, आणि पाच दिवसांत किमान दोन दिवस मुलांना बाहेर नेणार असतील तर उत्तम. रंकाळ्याच्या काठावर सकाळी सातला अर्धा तास उभं राहिलं तरी पाणपक्ष्यांनी वहीचं पान भरतं.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? नवीन राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ, अस्वल, रानकुत्रे आहेत. ते शिकारीच्या काळातले, निसर्ग शिकवायला मांडलेले नाहीत, पण वाघाचा पंजा आणि कुत्र्याचा पंजा शेजारी शेजारी काढायला सांगितलं तर मूल तासभर तिथून हलत नाही. एकेकाळी या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आफ्रिकेतूनही आणत. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हे त्याच दालनात उभं राहून सांगा, मुलाचे प्रश्न थांबणार नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात ऊन चढायच्या आत चक्कर मारा. ८५३ एकर आवार, मोर हमखास ऐकू येतो आणि बऱ्याचदा दिसतोही.

कुठल्याही शिबिराला जाताना मुलीबरोबर मी चार गोष्टी देते: कोऱ्या पानांची जाड पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधं भिंग आणि सहा इंची पट्टी. मोबाइल देत नाही. फोटो काढला की बघणं संपतं. चित्र काढायचं तर पायाला बोटं तीन का चार हे मोजावंच लागतं.

यंदा धाकटी बारा वर्षांची आहे. तिचं दाजीपूरला नाव घातलंय, मेच्या शेवटच्या आठवड्यात, काजव्यांच्या हिशेबानं. थोरली बरोबर जाते म्हणते. तिला त्या खुराच्या ठशाचं माप पट्टीनं घ्यायचं आहे. गेल्या वेळी आम्ही ते घ्यायचं विसरलो होतो.