पहिली इलेक्ट्रिक गिटार: स्क्वायर, पॅसिफिका की आयबनीझ?

वीस-पंचवीस हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलं की दुकानात बहुतेक तीच नावं पुढे येतात: स्क्वायरची सॉनिक स्ट्रॅटोकास्टर, यामाहाची पॅसिफिका आणि आयबनीझची जिओ मालिका. थोडं बाजूला एपिफोनची लेस पॉल स्पेशल टांगलेली असते. सगळ्या देखण्या, सगळ्यांच्या डब्यावर मोठं नाव, आणि पहिला प्रश्न येतो तो रंगाचा. या लेखात मी त्यांची तुलना करणार आहे ती फक्त बांधणीवर, आणि एकाच कसोटीने: कोणता दोष हजार-दीड हजारांत निघतो आणि कोणता कधीच निघत नाही.

ही कसोटी मला फार उशिरा कळली. कॉलेजात असताना मी नऊ हजारांची एक गिटार ऑनलाइन मागवली. चिपळूणला आमच्या घरी तिने दोन पावसाळे काढले आणि तिच्या नेकला, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याला, पीळ पडला. जाड तारांकडची बाजू एका दिशेला, बारीक तारांकडची दुसऱ्या. पुण्यात एका कारागिराला दाखवली. त्याने एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली आणि गिटार परत माझ्या हातात दिली. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) नेकचा बाक काढतो, पीळ काढत नाही. ते नऊ हजार गेलेच.

म्हणून दुकानात सगळ्यात आधी नेक. सुतार फळी बघतो तशी गिटार धरायची, खुंट्यांच्या टोकाकडून ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिकडे, बघायचं. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) रेषा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक रेषा तिरकी दिसली तर पीळ आहे, ती गिटार ठेवून द्या, मग ती कोणत्याही कंपनीची असो. बाक मात्र घाबरण्यासारखा नसतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी. जास्त असेल तर दुकानदाराला ट्रस रॉड पाव फेरा फिरवायला सांगा आणि फट कमी होते का ते तिथेच बघा. रॉड फिरतच नसेल किंवा फिरूनही काही बदलत नसेल तर तो दोष पिळाच्याच जातीचा.

नेकच्या बाबतीत या तिघींत वाईट कोणी नाही. तिघींचा नेक मेपलचा आणि बॉडीला स्क्रूने जोडलेला. हाताला मात्र फरक लगेच कळतो. सॉनिकच्या फिंगरबोर्डाच्या (नेकवरच्या बोटं टेकवायच्या पट्टीच्या) गोलाईची त्रिज्या साडेनऊ इंचांची, पॅसिफिकाची पावणेचौदा इंचांची, म्हणजे जास्त सपाट. आयबनीझची २४ फ्रेटांची जीआरजी१७०डीएक्स त्याहूनही सपाट. सुरुवातीला कॉर्ड पकडताना सॉनिकची गोलाई बोटांना बरी वाटते. पण तारा खूप खाली आणून मोठे बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) घ्यायचे असतील तर गोलाईवर सूर लवकर दबतो, सपाट बोर्डावर तो टिकतो. हे बांधणीचे दोष नाहीत, पण दुकानात बेंड दबला की नवखा माणूस 'फ्रेट खराब आहे' असं समजतो, म्हणून सांगितलं.

आता फ्रेट. स्वस्त आणि महाग गिटारींतलं खरं अंतर इथे आहे असं माझं ठाम मत आहे. बॉडी यंत्र कापतं, नेकचा आकारही यंत्र देतं, आणि ते यंत्र वीस हजारांच्या गिटारीला लाखाच्या गिटारीइतकंच अचूक कापतं. फ्रेट एका उंचीला आणणं, त्यांचे माथे गोल करणं, टोकं घासणं हे मात्र आजही बरंचसं हाताचं काम आहे, आणि किंमत खाली आणायची तर कात्री याच वेळाला लागते. दोन्ही कडांवरून वर-खाली तळहात फिरवा. टोकं बोचली तर लगेच नाव ठेवू नका, महिना कोणता ते आधी बघा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, विशेषतः नागपूर-औरंगाबादकडे किंवा सतत एसी चालणाऱ्या दुकानात, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. धातू आकसत नाही ना! एक बारीक कानस आणि तासाभराचं काम, की ती निघतात. हाच बोर्ड जुलैत तुम्हाला गुळगुळीत लागला असता.

उंच-सखल फ्रेट जास्त त्रास देतात. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड दोन तारांच्या मधून एका वेळी तीन फ्रेटांवर उभी ठेवा. कार्ड डुगडुगलं की मधला फ्रेट उंच. वर फ्रेट जवळजवळ येतात, तिथे कार्डाचा कापलेला लहान तुकडा वापरा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं जातात, दुकानदार घड्याळाकडे बघतो, तरी वाजवा. शेवटी बारीक तारेवर बाराव्या ते सतराव्या फ्रेटपर्यंत एकेक पूर्ण सुराचा बेंड घ्या आणि सूर मधेच मरतो का ऐका. एक-दोन फ्रेट उंच असणं क्षम्य आहे, कारागीर ते बसवतो किंवा घासतो. पाच-सहा असतील तर सगळे फ्रेट समतल करावे लागतात, आणि तो खर्च या किमतीच्या गिटारीवर करणं मला पटत नाही.

या चाचणीत माझ्या हाताखालून गेलेल्या गिटारींत पॅसिफिका सगळ्यांत सारख्या निघाल्या. दहा पॅसिफिका घेतल्या तर दहाही जवळपास एकसारख्या वाटतात. सॉनिकमध्ये एखादी अप्रतिम आणि तिच्या शेजारची ओबडधोबड असं होतं. याचं एक कारण मला कारखान्यात दिसतं. या पॅसिफिका यामाहाच्या स्वतःच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात बनतात, तर फेंडर ही कंपनी आपल्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडचं काम दुसऱ्या कारखान्यांना देते. दुसऱ्याला दिलेलं काम वाईटच असतं असं अजिबात नाही. सुराबायातल्या ज्या कोर-टेकच्या कारखान्यात कोर्टच्या गिटारी बनतात, तिथेच पीआरएस या नावाजलेल्या कंपनीची एसई मालिका बनते, आणि एसईच्या कामाबद्दल तक्रार करणारा वादक मला अजून भेटलेला नाही. म्हणून मागे 'मेड इन इंडोनेशिया' लिहिलंय की 'मेड इन चायना', यावरून काही ठरवू नका. त्या गिटारीवर किती वेळ हात फिरला, ते ठरवतं.

नटाकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, फार थोडे जण बघतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली तर लाकूड कितीही उत्तम असो, नाद येत नाही. गिटारीच्या नटाचंही तसंच. या सगळ्या गिटारींवर प्लास्टिकचा नट असतो आणि त्याच्या खाचा बहुतेकदा उथळ सोडलेल्या असतात, म्हणजे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागतो आणि सूर किंचित चढतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा: पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. जाड कागद जात असेल तर खाच खोल करून घ्यावी लागेल. दुसरी खूण आवाजाची. खुंटी हळू फिरवताना 'टिंग' असा आवाज आला तर तार खाचेत अडकतेय. गिटार सुरात राहत नाही म्हणून लोक खुंट्या बदलतात, आणि दोष नटाचा निघतो. एपिफोनमध्ये हा त्रास थोडा जास्त, कारण तिथे तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना असतात आणि मधल्या तारा नटातून तिरक्या बाहेर पडतात. काही असो, नट हा निघणारा दोष आहे. कारागिराचं अर्ध्या तासाचं काम.

एपिफोनबद्दल आणखी एक. तिचं डोकं मागे झुकलेलं असतं, आणि अशी गिटार पाठीवर पडली तर नटाच्या मागेच तडा जाण्याची भीती असते. स्ट्रॅट पद्धतीचं सरळ डोकं पडणं जास्त सोसतं. लोकलमधून पातळ कव्हरात गिटार नेणार असाल तर हा मुद्दा लहान नाही. एरवी तिची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) पावणेपंचवीस इंचांची, बाकी तिघींपेक्षा पाऊण इंच आखूड, त्यामुळे लहान हातांना आणि मऊ तारा हव्या असणाऱ्यांना ती खरंच सोयीची.

नेक आणि बॉडीचा जोड बघताना दोन्ही टोकांच्या तारांवर लक्ष ठेवा. त्या फिंगरबोर्डाच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावायला हव्यात. बारीक तार कडेवरून घसरत असेल तर स्क्रू सैल करून नेक किंचित सरकवता येतो. तरीही जमत नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलाय. हा न निघणारा दोष. नावाजलेल्या कंपन्यांत मला तो दिसलेला नाही, नाव नसलेल्या आयात गिटारींत दोनदा दिसलाय.

ब्रिजबाबत माझा सल्ला सरळ आहे: पहिल्या गिटारीला शक्यतो हलणारा ब्रिज नको. सॉनिक आणि अ‍ॅफिनिटी (स्क्वायरचीच तिच्या वरची मालिका) दोन्हींची बॉडी पातळ असते, आतला धातूचा ठोकळाही त्या मापाचा लहान असतो, आणि पुढे मोठा ठोकळा बसवायचं मनात आलं तर तो बहुतेकदा मागून बाहेर येतो. सॉनिकचं एचटी नावाचं मॉडेल मिळतं, त्यात ब्रिज पक्का असतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेल्या तुकड्यांचे) बारीक स्क्रूही बघावेत. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तेच आधी गंजतात, आणि गंजले की तारेची उंची बदलता येत नाही. थेंबभर मशीन ऑइल वर्षातून दोनदा पुरतं.

लाकडावर फार वेळ घालवू नका. सॉनिक आणि आयबनीझ जीआरएक्स४० पॉप्लरच्या, पॅसिफिका ११२ अल्डरची. आयबनीझच्या जीआरएक्स७०क्यूएवर दिसणारी मेपलची लाटदार नक्षी म्हणजे छापलेलं चित्र आहे. त्यात फसवणूक काही नाही, नावातच ते सांगितलंय. फिंगरबोर्डाची गोष्ट मात्र मला सांगावीशी वाटते. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं, तेव्हा अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडाकडे वळल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर लॉरेल राहिलं ते राहिलंच. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन, ज्याच्या पाल्यावर विदर्भात टसरचे किडे पोसतात! आणि कॅटलॉगमध्ये 'सोनोकेलिंग' दिसलं तर तो जावातला शिसवच. ऐनाचा रंग फिका आणि रंध्रं मोठी, एवढंच. बोर्ड कोरडा, पांढरट दिसला तर तेलाचा एक हात द्या. नाकारण्याचं ते कारण नाही.

वायरिंग तपासायला गिटार अ‍ॅम्पला लावा. व्हॉल्यूमचं बटण हळू फिरवा, मग टोनचं. खरखर आली तर बहुधा धूळ आहे, स्प्रेने जाते. जॅक हलवून बघा, आवाज तुटला तर डाख सैल आहे, तोही किरकोळ. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचे, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) गुणगुणतात, तो त्यांचा स्वभाव. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंगची तार जागेवर आहे. हात लावल्यावर वाढली तर दुसऱ्या सॉकेटवर बघा, कारण दोष कित्येकदा इमारतीच्या वायरिंगचा असतो. दुकानदार तयार असेल तर वायरिंगवरचं झाकण उघडून आतली डाखं बघा, नीटनेटकं काम लगेच ओळखू येतं. पॅसिफिका ११२व्हीमध्ये टोनचं बटण वर ओढलं की हंबकरचा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा) सिंगल कॉइल होतो आणि पिकअप अल्निकोचे आहेत. पॅसिफिकाच्याच स्वस्त ०१२ या मॉडेलमध्ये ही सोय नाही.

तर निवड कशी करायची? तीस हजारांच्या आसपास जाता येत असेल तर माझं मत पॅसिफिका ११२व्हीला, आणि इथे मला फारशी घासाघीस वाटत नाही. त्याच पैशांत स्क्वायरची अ‍ॅफिनिटी येते. २०२१ पासून तिला दोन टेकूंचा ब्रिज आणि बंद खुंट्या मिळाल्या, ती सॉनिकपेक्षा निश्चित वरची आहे, पण न वाजवता, नुसत्या विश्वासावर घ्यायची तर मी पॅसिफिकाच घेईन. बजेट वीसचं असेल आणि दुकान जवळ असेल तर पक्क्या ब्रिजच्या तीन-चार सॉनिक हातात घ्या आणि त्यातली एक निवडा. चांगली सॉनिक पॅसिफिका ०१२ ला मागे टाकते. गाव लांब असेल, ऑनलाइनच घ्यायची असेल, तर ०१२. मेटल वाजवायचंय हे आधीच ठरलंय त्याला जीआरजी१७०डीएक्स, कारण तसा सपाट, २४ फ्रेटांचा नेक बाकीच्यांत नाही.

ऑनलाइन मागवली तर खोका उघडताना व्हिडिओ करा, गिटार एक रात्र खोलीच्या हवेत राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच क्रमाने तपासा: पीळ, ट्रस रॉड, ब्रिजची जागा, फ्रेट. पहिल्या तिघांत काही निघालं तर परतीची मुदत संपायच्या आत परत पाठवा, कंपनी कितीही चांगली असो. बाकीच्या दोषांची यादी करून कारागिराकडे न्या आणि पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं तर थांबा. ऑक्टोबरनंतर हवा स्थिरावली की केलेला सेटअप जास्त टिकतो.