प्लॅस्टिक किट, डायकास्ट की रेझिन: पहिली मॉडेल कार कोणती घ्यावी?

नवा माणूस पहिल्यांदा विचारतो ते 'कोणती गाडी करू?' असं. माझ्या मते त्याने आधी रंगाचा विचार करावा. रणगाड्याच्या मॉडेलवर चिखल, गंज, उडालेला रंग दाखवायचाच असतो, त्यामुळे हात चुकला तरी बरंच काही खपून जातं. गाडीला ती सोय नाही. चकचकीत बॉनेटमध्ये अडकलेला धुळीचा एक कण आल्यागेल्याच्या नजरेत भरतो. म्हणून खालच्या तीन पर्यायांत निवड करताना दोनच गोष्टी बघा: बॉडीचा रंग कोण लावणार, आणि तो बिघडला तर काढून पुन्हा लावता येईल का.

पर्याय असे. १/२४ किंवा १/२५ मापाचं प्लॅस्टिक किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायची गाडी. तयार डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) गाडी उघडून, रंगवून, तिच्यावर बारीक काम करणं. आणि १/४३ मापाचं रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचं) किंवा व्हाइट मेटलचं (मऊ, सहज वितळणाऱ्या मिश्रधातूचं) किट.

मापाचा हिशेब

साडेचार मीटर लांबीची खरी गाडी १/२४ मध्ये जेमतेम १९ सेंटिमीटर होते, १/४३ मध्ये साडेदहा आणि १/६४ मध्ये सात. लहान मॉडेल म्हणजे कमी काम, असा समज इथूनच होतो. पण दाराभोवतीच्या फटीचा हिशेब करून बघा. खऱ्या गाडीत ती ४ मिलिमीटर धरली तर १/२४ मध्ये ०.१७ मिमी, १/४३ मध्ये ०.०९ आणि १/६४ मध्ये ०.०६ मिमी उरते. प्राइमर (रंगाआधीचा थर), रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मिळून फटीच्या दोन्ही कडांवर एकूण ०.१ मिमीचा थर बसला तर १/२४ मधली फट अरुंद होईल, १/४३ मधली बुजून जाईल. माप लहान होत जातं, पण रंगाचा थर काही त्या प्रमाणात पातळ होत नाही. मेटॅलिक रंगातल्या चमकीचंही हेच. खऱ्या गाडीचा टच-अप रंग मॉडेलवर मारला की कण वाळूएवढे वाटतात. त्यासाठी मॉडेलच्या रंगातली बारीक चमकीच हवी.

प्लॅस्टिक किट

तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या जपानी कंपन्यांच्या गाड्या बहुतेक १/२४ मध्ये असतात. एएमटीसारख्या जुन्या अमेरिकन नावांची परंपरा १/२५ ची, आणि रेव्हेलकडे दोन्ही मापं आहेत. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक पाऊण सेंटिमीटरचा, म्हणजे कपाटात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण एका किटचं इंटिरिअर दुसऱ्याच्या बॉडीत बसवायला गेलात की तेवढा फरक आडवा येतो.

जास्त महत्त्वाचं आहे साच्याचं वय. अनेक दशकं जुने साचे नव्या खोक्यात, नव्या चित्रासह पुन्हा विकले जातात. अशा किटमध्ये भागांच्या कडेला प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात, चॅसिस बॉडीत सरळ बसत नाही. खोक्यावरच्या सालावर जाऊ नका. साचा मुळात कधीचा ते शोधून मग घ्या. अमेरिकन किटमध्ये बॉनेटखाली पूर्ण इंजिन असण्याची शक्यता जास्त. जपानी किटमध्ये पुष्कळदा इंजिन नसतंच. अशा किटला कर्बसाइड म्हणतात. पहिल्या गाडीसाठी कर्बसाइडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन हे वेगळं छोटं मॉडेलच असतं, आणि त्यात जीव अडकला की बॉडी अर्धवट राहते.

या पर्यायाची खरी ताकद म्हणजे किटचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरिन, चुका माफ करतं. पातळ सिमेंट (किट जोडायचा द्रव गोंद) प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतं, त्यामुळे सांधा घासून नाहीसा करता येतो. रंग फसला तर बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायची. बरेचसे रंग सुटतात. अ‍ॅसिटोन मात्र लांब ठेवा, ते बॉडीच खाऊन टाकेल.

दोन सापळे लक्षात ठेवा. लाल प्लॅस्टिकवर सरळ पांढरा रंग मारला तर आतला लाल वर येऊन बॉडी गुलाबी दिसू लागते. मध्ये अडवणारा थर द्यावा लागतो. दुसरा सापळा स्प्रे कॅनचा: तामियाचे टीएस कॅन या किटसाठी आहेत, पीएस कॅन रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. नावं सारखी, पण पीएस पॉलिस्टायरिनला इजा करतो.

डायकास्ट

ज्याला रंगाचीच धास्ती आहे त्याने इथून सुरुवात करावी, कारण इथे रंग कारखान्यातूनच लागून येतो. हेडलाइट, टेललाइट, ग्रिलमधला काळा, बंपरची चंदेरी कड एवढं बारीक ब्रशने भरलं तरी खेळण्याचं रूप बदलतं. १/१८ डायकास्टमध्ये तर पुष्कळदा दारं-बॉनेट उघडतात. सीटबेल्ट, फ्लॉकिंग पावडरचं (बारीक तंतूंच्या भुकटीचं) कार्पेट, स्पार्क प्लगच्या वायरी असं आतलं काम करायला ही जागा सगळ्यात ऐसपैस.

पुढची पायरी म्हणजे तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून गाडी उघडणं आणि रंग उतरवणं. जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी रंग काढण्याच्या द्रावणाला दाद देत नाही, तेव्हा वाटेल तितक्या वेळा पुन्हा रंगवा. हातात मोजे मात्र हवेत, आणि काचा, इंटिरिअर असे प्लॅस्टिकचे भाग आधी बाजूला काढायला हवेत. धातूवर प्राइमर टाळू नका, नाहीतर कडांवरचा रंग नखाने निघतो.

उणीव मापात आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या हॉट व्हील्सवर १/६४ म्हणून शिक्का बसला असला तरी बऱ्याच गाड्या ठरलेल्या पॅकिंगमध्ये बसतील अशा आकाराच्या असतात. मोठी गाडी आक्रसते, छोटी फुगते. काचा जाड, चाकं खेळण्याच्या ट्रॅकसाठी केलेली. चाकं बदलता येतात, बॉडीचं प्रमाण नाही. ज्याला नेमकी तीच गाडी हवी आहे त्याला ही गोष्ट डाचत राहते.

रेझिन आणि व्हाइट मेटल

१/४३ हे माप रेल्वे मॉडेलच्या ओ गेजमधून आलं: एका फुटाला ७ मिलिमीटर. इथला मोह विषयांचा आहे. मोठ्या कंपन्या ज्यांचा साचा कधी करणार नाहीत अशा ल मान्सच्या किंवा फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या गाड्या इथे मिळतात. इटलीच्या तामेओचं नाव त्यासाठीच घेतलं जातं.

पण पहिलं किट म्हणून नको. रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे निघतात, भोकं स्वतः पाडावी लागतात, काचा व्हॅक्युम-फॉर्म केलेल्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकमधून कापाव्या लागतात. प्लॅस्टिकचं सिमेंट चालत नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं, आणि सुपरग्लूच्या वाफेने काच पांढरी पडते, म्हणून काचेला पांढरा पीव्हीए गोंद. घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून पाण्याखाली घासायचं आणि मास्क लावायचा. वर सांगितलेला थराचा हिशेब इथे सगळ्यात जास्त छळतो. स्प्रे कॅनचा जाड फवारा चालत नाही, एअरब्रश (दाबाच्या हवेवर रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन) जवळपास अनिवार्य.

कुणी काय घ्यावं

घरात रंग मारायला हवेशीर जागा नसेल तर डायकास्ट आणि ब्रश. स्प्रेमधल्या लॅकर रंगाच्या वासासाठी साधा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफा अडवणारे फिल्टर लागतात. तेवढी तयारी नसेल तर स्प्रे उचलूच नये. दोन भागांचा युरेथेन क्लिअर पाहून भुरळ पडेल, पण त्यातले आयसोसायनेट श्वसनाला घातक असतात. नवख्याने साधा लॅकर क्लिअर मारून पॉलिशवर मेहनत घ्यावी.

जागा असेल तर १/२४ ची कर्बसाइड गाडी, प्राइमर आणि रंगाचा कॅन, आणि २००० नंबरपासून पुढचे सँडपेपर. एअरब्रशचा खर्च दोन-तीन गाड्या होईपर्यंत लांबवा. कॅनमधूनही उत्तम बॉडी निघते. पहिल्या गाडीला गडद रंग टाळून पांढरा किंवा चंदेरी घेतला तर पॉलिशच्या ओरखड्यांची चिंता कमी. उरलेला पैसा आणि वेळ या तीन कामांवर घालवा: टायरवरची साच्याची रेघ घासून रबराची चमक घालवणं, फटींमध्ये पातळ काळा किंवा करडा इनॅमल सोडणं (खालचा लॅकर पूर्ण वाळलेला असला पाहिजे), आणि खिडक्यांच्या क्रोमला रंगाऐवजी बेअर-मेटल फॉइल (चिकटवायचा अतिपातळ धातूचा कागद). फॉइल कापताना पात्याचं टोक दर दोन-तीन कापांनंतर बदला. बोथट पातं ते फाडतं.