टीम फोर्ट्रेस 2 चा मेडिक, सात महिन्यांनंतर: सोळा शस्त्रं टोकनांत गेली, क्रॉसबो आला एका स्क्रॅपमध्ये

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, मेडिकची तीन शस्त्रं जमली. टोकन बनवू का?" मी जेवत होतो, हातातला घास तसाच ठेवला आणि म्हटलं, "कशालाही हात लावू नकोस. आधी माझं ऐक." पाऊण तास बोललो. तो पटकन समजला, पण त्याच्यासारखे आणखी किती जण याच जागी अडखळत असतील, असं नंतर वाटत राहिलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

खेळाची ओळख करून देत बसत नाही. दोन टीम एकमेकींवर बंदुका चालवतात असा 2007 चा ऑनलाइन खेळ आहे, 2011 पासून फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतो. मी गेले सात महिने जवळजवळ फक्त मेडिक, म्हणजे टीममधल्यांची हेल्थ भरणारा डॉक्टर, खेळलोय. खेळाच्या दुकानात अगदी सुरुवातीला एकदाच, सगळ्यात स्वस्त जे दिसलं ते घेतलं, कारण कुठलीही एक खरेदी केली की खातं प्रीमियम होतं आणि 50 कप्प्यांची पिशवी 300 ची होते. त्यानंतर एक रुपया घातला नाही, घालणारही नाही. सगळा संसार आठवड्याच्या ड्रॉपवर, म्हणजे खेळता खेळता आपोआप मिळणाऱ्या वस्तूंवर. नेमाने खेळलं तर आठवड्याला आठ-दहा वस्तू पडतात, त्याही नऊ वर्गांत, म्हणजे मेडिक, हेवी, स्काउट, सोल्जर, स्पाय वगैरे खेळाडूंच्या प्रकारांत, विखुरलेल्या. त्यामुळे प्रत्येक शस्त्र जपून वापरावं लागतं.

आता ती टोकनांची गोष्ट. मला पहिल्या दिवसापासून क्रुसेडर्स क्रॉसबो हवा होता; त्याचा बाण आपल्या माणसाला लागला की त्याची हेल्थ भरते. ट्रेड करायला गेलो तर खातं सुरक्षित ठेवणारं मोबाइल ऑथेंटिकेटर लावलेलं नव्हतं, आणि ते नसलं की आपली वस्तू 15 दिवस अडकून पडते. तेवढा धीर नव्हता. क्राफ्टिंगच्या, म्हणजे वस्तू मोडून दुसरी बनवायच्या, पानावर दिसलं की मेडिकची तीन शस्त्रं दिली की मेडिकचं टोकन, प्रायमरी, म्हणजे मुख्य शस्त्राच्या, जागेची तीन दिली की प्रायमरीचं टोकन, दोन्हींवर एक स्क्रॅप ठेवला की मेडिकचं एक प्रायमरी शस्त्र हातात. एक स्क्रॅप म्हणजे एकाच वर्गाची दोन शस्त्रं वितळवून मिळणारा धातू. एकूण आठ. आणि निघणार काय? ब्लुटसॉगर, ओव्हरडोस किंवा क्रॉसबो, तिघांपैकी कुठलंही एक.

पहिल्यांदा ओव्हरडोस निघाला. पुन्हा जमवाजमव केली, महिनाभर थांबलो, त्यात क्विक-फिक्स आणि सॉलेम व्हाउ ही कामाची शस्त्रंसुद्धा टोकनात घातली. दुसऱ्यांदा ब्लुटसॉगर निघाला. सोळा शस्त्रं गेली.

नंतर ऑथेंटिकेटर लावलं, मुदत संपली आणि बॉटवाल्या, म्हणजे अदलाबदल आपोआप करून देणाऱ्या, एका साइटवर गेलो. तिथे एका स्क्रॅपला दोन शस्त्रं मिळतात. क्रॉसबो आणि उबरसॉ नावाची करवत, दोन्ही मिळून एक स्क्रॅप, म्हणजे माझी दोन फालतू शस्त्रं. त्या रात्री कागदावर हिशेब मांडला. सोळा शस्त्रांचे आठ स्क्रॅप, आठ स्क्रॅपची सोळा शस्त्रं. मेडिकची मिळवता येण्यासारखी साधी शस्त्रं किती? तीन प्रायमरी, तीन मेडिगन (हेल्थ देणाऱ्या बंदुका), चार हाताने घाव घालायची. दहा. अख्खा संच घेऊन वर सहा उरली असती. आणि ज्या ब्लुटसॉगरसाठी आठ शस्त्रं मोडली, तो मेडिकची दहा अचिव्हमेंट्स झाली की खेळ आपणहून देतो. सोळा झाली की क्रिट्झक्रीग ही मेडिगन, बावीस झाली की उबरसॉ. हे मला पाचव्या महिन्यात कळलं. आजही आठवलं की जीव हळहळतो.

क्रॉसबोबद्दल बोलतो, कारण पहिलं अपग्रेड कुठलं या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

साध्या मेडिगनचा बीम मार खात असलेल्या माणसाला सेकंदाला 24 हेल्थ देतो. क्रॉसबोचा बाण जवळून 75 देतो, लांबून 150. लांबच्या एका बाणात सहा सेकंदांच्या बीमचं काम होतं, तेही जिथे बीम पोचतच नाही तिथे. अपवर्ड या नकाशावर शेवटच्या पॉइंटची चढण आठवा. वर हेवी एकटा उभा, हेल्थचा आकडा लाल, मी खाली गाडीच्या मागे दुसऱ्याला धरून बसलेलो. बीम सोडायचा, क्रॉसबो काढायचा, हेवी ज्या बाजूला सरकतोय त्याच्या किंचित पुढे नेम धरायचा, क्लिक, लगेच क्यू दाबून मेडिगन परत हातात, बीम परत पहिल्या माणसावर. सगळं मिळून एक-दीड सेकंद. वर हिरवा आकडा उडतो, हेवी वळतो आणि त्याची बंदूक सुरूच राहते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

यात एक बारकावा आहे, आणि नवीन मुलं तिथेच वेळ घालवतात. क्रॉसबोत एका वेळी एकच बाण असतो. पण बाण सोडून मेडिगन हातात घेतली तरी तो मागच्या मागे आपोआप लोड होतो. त्याला हातात धरून लोड व्हायची वाट बघायची नाही. मी तीन आठवडे ती वाट बघत उभा राहायचो आणि तेवढ्यात समोरचा माणूस मरायचा. बाण सोडला की मेडिगन, पुन्हा गरज पडेपर्यंत क्रॉसबो तयार असतो. ही सवय लागली आणि त्याच दोन शस्त्रांत माझा खेळ दुप्पट सुधारला.

पहिल्या महिन्यात मात्र मी क्रॉसबोला नावं ठेवायचो. सिरिंज गन काढून क्रॉसबो घेतला की अंगावर आलेल्या स्काउटला काय मारणार? एक बाण चुकला की संपलं. आणि मेडिकची हेल्थ 150, स्नायपरच्या साध्या हेडशॉटचं नुकसानही 150. म्हणून चिडून दोन आठवडे ब्लुटसॉगरवर परत गेलो होतो. प्रत्येक सुईमागे तीन हेल्थ मिळते हे वाचून बरं वाटलं होतं. पण त्या बदल्यात मेडिकची स्वतःहून भरणारी हेल्थ सेकंदाला दोनने कमी होते, आणि ती सतत चालू असलेली गोष्ट आहे. सुया हळू उडतात, पळणाऱ्या स्काउटला क्वचित लागतात. त्या दोन आठवड्यांत मी वाचलो किती वेळा, आणि लांब मरत असलेला सोल्जर नुसता बघत राहिलो किती वेळा, हे मनाशी धरलं तर दुसरा आकडा कितीतरी मोठा होता. तेव्हापासून मत बदललं ते बदललं. मेडिकने वाचायचं ते जागेवरून: कोपरा धरून, माणसांच्या मागे राहून, दर थोड्या वेळाने मागे वळून स्पाय बघून.

आणि अगदीच कोणी अंगावर आलं तर उबरसॉ. एक घाव बसला की 25 टक्के उबर, म्हणजे मेडिगनमध्ये साठणारा खास ताकदीचा चार्ज. बीमने तेवढा चार्ज भरायला दहा सेकंद लागतात. साध्या करवतीपेक्षा वार वीस टक्के हळू पडतो आणि तेवढा खटकतोही, पण बावरलेल्या स्पायवर एक घाव बसला की सगळं वसूल. व्हिटा-सॉ मेल्यावरही चार्ज राखते म्हणून तिचं कौतुक ऐकलं असेल. तीही घेऊन बघितली. चार घाव घातले की 60 टक्के राखते. चार घाव घालायची संधी मिळाली तर उबरसॉने अख्खा उबर होतो, मग तिच्यासाठी थांबायचं कशाला? ॲम्प्युटेटर हातात असेपर्यंत सेकंदाला तीन हेल्थ जास्त भरते, मागे राहून खेळणाऱ्याला ती बरी. सॉलेम व्हाउने शत्रूची हेल्थ दिसते. व्हॉइसवर बोलणारी टीम असेल तर ती फार उपयोगाची, एकट्याने खेळताना तेवढी नाही.

मेडिगन बदलायची घाई करू नका. सुरुवातीला मिळते तीच घ्या. उबर वापरला की आठ सेकंद मेडिक आणि त्याचा माणूस, दोघांना काही होत नाही, आणि सेंट्री (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) फोडायला नवख्या टीमला तेच लागतं. क्रिट्झक्रीग 32 सेकंदांत भरते, साधी 40 मध्ये, पण तिच्या उबरने क्रिट्स (जबर मार) दिलेला माणूस दुसऱ्याच सेकंदाला मेला तर सगळं पाण्यात. ओळखीचा सोल्जर किंवा डेमोमन असेल तरच ती काढतो.

क्विक-फिक्सबद्दल माझं मत मात्र गेल्या महिन्यात फिरलं. आधी मी ती मेडिगन सरळ टोकनात घातली होती, वर लिहिलंच आहे. ओव्हरहील (पूर्ण हेल्थच्या वर भरणं) निम्मं, हेवी 450 ऐवजी 375 वर थांबतो, उबरमध्ये माणूस मरूही शकतो, मग घ्यायची कशाला असं वाटायचं. पण रात्री उशिरा सिंगापूरच्या सर्व्हरवर जे सामने मिळतात त्यात कोणीच एकत्र राहत नाही, दहा जण दहा दिशांना आणि सगळे जखमी. तिथे चाळीस टक्के जलद हीलिंगचा फरक लगेच जाणवतो. आता डस्टबोलवर बचावाला असलो की ती घेतोच. परत घ्यावी लागली, अर्ध्या स्क्रॅपला.

एक अपग्रेड पूर्ण फुकट आहे आणि त्याबद्दल फार कोणी सांगत नाही. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मेडिकच्या भागात दोन खुणा करा. एक, मेडिगनचं बटण दाबून धरायची गरज नाही, एकदा दाबलं की बीम चालू राहतो. दुसरी, टीममधल्या कोणाची हेल्थ ठरावीक टक्क्यांखाली गेली की तो आपोआप तुम्हाला हाक मारतो आणि भिंतीपलीकडूनही त्याची खूण दिसते. ही दुसरी खूण आणि क्रॉसबो एकत्र म्हणजे सोनं. कोण कुठे मरतोय हे दिसतं आणि तिथे बाण पोचवता येतो. पहिली खूण केल्यावर माझ्या उजव्या हाताच्या बोटाचं दुखणंही थांबलं.

टोप्या घेऊ नका. साध्या टोपीचा चालता भाव बराच काळ 1.33 रिफाइंड (स्क्रॅप एकत्र करून बनणारा धातू) राहिलाय, म्हणजे चोवीस शस्त्रं, आणि टोपीने एकही हेल्थ वाढत नाही.

भाच्याचं खातं अजून फुकटचं आहे. अशा खात्यातून वस्तू देता येत नाहीत, पण घेता येतात. त्याची तीन मेडिकची शस्त्रं तशीच राहू दिली, त्यात एक ॲम्प्युटेटर आहे, ती त्याला आवडली. मी माझी स्काउटची दोन जास्तीची शस्त्रं वितळवली, स्क्रॅपचे क्रॉसबो आणि उबरसॉ घेतले आणि दोन्ही त्याला पाठवले. काल रात्री बॅडवॉटरवर तो मेडिक होता, मी हेवी. छतावरच्या सोल्जरने मला 60 वर आणलं होतं. पुलाखालून बाण आला आणि माझा आकडा 180 च्या वर गेला. हेडफोनमधून आवाज आला, "मामा, लागला का?" लागला होता, बाळा.