पार्क टूल एटीडी-१.२ : कार्बन फोर्कवर स्टेम बसवणाऱ्याने आधी हे घ्यावं

स्टिअररसकट (फोर्कची फ्रेममधून वर येणारी नळी) पूर्ण कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घेतला असेल, तर नवे टायर, नवं सॅडल सगळं मागे ठेवा आणि आधी टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळणारं हत्यार, घ्या. माझ्या सायकलचा अ‍ॅल्युमिनियम स्टिअररचा फोर्क काढून मी कार्बनचा बसवला, तेव्हा पार्क टूलचा एटीडी-१.२ मागवला. ४ ते ६ न्यूटन मीटर (बोल्ट फिरवण्याच्या जोराचं माप), अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने, एवढीच त्याची रेंज. ६ मिमीच्या अ‍ॅलन कीने आकडा बदलायचा, ३, ४, ५ मिमी आणि टी-२५ असे बिट सोबत येतात. आकडा गाठला की ‘कट्’ आवाज होतो आणि ड्रायव्हर सुटतो, बोल्ट पुढे आवळलाच जात नाही.

४ ते ६ ऐकायला तुटपुंजं वाटतं, पण स्टेमचं, म्हणजे हँडल आणि स्टिअरर जोडणाऱ्या तुकड्याचं, बहुतेक जग याच टप्प्यात आहे. स्टेमच्या बोल्टजवळ बारीक अक्षरात ५ किंवा ६ लिहिलेलं असतं. पाच न्यूटन मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला साधारण पाच किलोचा जोर. मनगट सहज याच्या दुप्पट देतं आणि आपल्याला कळतही नाही. स्टीलचा स्टिअरर ते सोसतो. कार्बनची नळी बाहेरून दाबली की आत चीर जाऊ शकते आणि वरून काहीच दिसत नाही. इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना पुढच्या चाकाचा सगळा भार याच नळीवर असतो, त्यामुळे अंदाजाने आवळणं मला मान्यच नाही.

गल्लीतल्या सायकलवाल्याला मी यात दोष देणार नाही. काळ्या सायकलीचा हेडसेट (ज्यावर हँडल वळतं ती बेअरिंगची जोडी) आट्यांचा असतो: दोन मोठे पाने लावून नट आवळायचे, हँडलचा दांडा बोल्टवर हातोडी मारून सैल करायचा. त्या कामात ‘अजून थोडं घट्ट’ हाच शहाणपणा होता. बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये मात्र दोन कामं वेगळी झाली. वरच्या टोपीचा बोल्ट बेअरिंगवर दाब आणतो, बस. स्टेमचे बाजूचे बोल्ट तो दाब जागेवर धरून ठेवतात. ते आवळल्यावर टोपीकडे काही काम उरत नाही. म्हणून खटखट आली की टोपी पिळत बसू नका. आधी स्टेमचे बोल्ट सैल करा, मग टोपी, मग पुन्हा स्टेम.

कार्बनमध्ये टोपीला आधार देण्यासाठी स्टार नट (नळीत ठोकून बसवायचा दातेरी नट) ठोकायचा नसतो, त्याचे दात आतले तंतू कापतात. माझ्या एका मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या फोर्कमध्ये एका दुकानाने तो ठोकून दिला आणि फोर्क बाद झाला. तिथे एक्स्पांडर लागतो. तो आतून फुगतो, टोपीला पकड देतो आणि स्टेम जिथे आवळतो तिथे नळीला आतून टेकू देतो. म्हणून लांब एक्स्पांडर घ्या आणि तो स्टेमच्या नळी आवळणाऱ्या पट्ट्यामागेच येईल इतका खोल बसवा. काही एक्स्पांडरना ६ न्यूटन मीटरच्या वर लागतं. तिथे हा ड्रायव्हर थिटा पडतो, मोठा टॉर्क रेंच मागून आणावा लागतो. ही त्याची पहिली उणीव.

स्टिअरर कापणं हे वेगळं प्रकरण आहे. बारीक दातांचं पातं, कापायच्या जागी चिकटपट्टी, तोंडाला मास्क, आणि धूळ उडू नये म्हणून थोडं पाणी. आधी थोडं जास्तच ठेवा. मी स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर (नळीवर बसणारी कडी) ठेवते, म्हणजे पट्ट्याची पूर्ण उंची नळीवर बसते. नळीचं टोक त्या स्पेसरच्या काठापेक्षा दोन-तीन मिमी खाली हवं. टोक वर आलं तर टोपी नळीवरच टेकते, बेअरिंगपर्यंत दाब पोचत नाही आणि कितीही आवळलं तरी खटखट जात नाही. स्टेमखाली किती स्पेसर चालतात ते फोर्कच्या पुस्तिकेत पाहा. बऱ्याच कंपन्या ३० मिमीच्या आसपास थांबतात.

आता मुख्य प्रसंग. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या फटीवर. ठकठक बोटांना लागते, कानांना नंतर. टोपी पाव-पाव फेऱ्याने आवळत जायची. ठकठक गेली आणि चाक उचलल्यावर हँडल अजूनही आपल्या वजनाने सहज वळतंय, तिथे थांबायचं. हे काम साध्या अ‍ॅलन कीने, कारण इथे ४ न्यूटन मीटरसुद्धा जास्त होतं. मग हँडल चाकाशी सरळ करून एटीडी ५ वर. वरचा बोल्ट, कट्. खालचा बोल्ट, कट्. परत वरच्यावर यावं तर तो अजून थोडा फिरतो, कारण खालचा आवळताना वरचा ढिला पडलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन्ही बोल्ट जागच्या जागी कट् म्हणतात, तेव्हा काम झालं. आवाज इतका स्पष्ट की अंगणातल्या गोंगाटातही चुकत नाही. स्टिअररला ग्रीस चुकूनही लावायचं नाही. कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा खरखरीत लेप) लावायची तर फोर्क कंपनीची परवानगी पाहून.

दुसरी उणीव म्हणजे ड्रायव्हरची जाडी. हँडल धरणाऱ्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट आवळताना सायकल कॉम्प्युटरचा माउंट आड येतो, तो काढावाच लागतो. आणि किंमत आयातीच्या मालाची आहे, चटका बसतोच. पेडल, क्रँक, ४० न्यूटन मीटरची कॅसेटची रिंग यांच्यासाठी हा निरुपयोगी. सीटपोस्टची क्लॅम्प मात्र बहुतेक सायकलींवर याच्या आवाक्यात येते, आणि तिथेही बरेचदा कार्बन असतं.

कधीतरीच स्टेमला हात लावणाऱ्यांनी चौघांत मिळून एक घ्यावा. घरात ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायचा स्टँड) घाम गाळणाऱ्यांनी स्वतंत्र घ्यावा, कारण घामाने स्टेमचे बोल्ट गंजतात आणि ते वारंवार काढून, पुसून, पुन्हा लावावे लागतात.