जनऔषधी केंद्र: आयुष्यभराची गोळी असेल तर नक्की जा

आईला शुगर आणि बीपी दोन्ही, त्यामुळे गोळ्यांचा खर्च किराण्यासारखा दर महिन्याला ठरलेला. ज्यांच्या घरी अशी कायमची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्रांबद्दल, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांबद्दल, लिहितेय. सर्दी-तापासाठी मुद्दाम लांबच्या केंद्रात जाण्यात अर्थ नाही.

शुगरच्या सिटाग्लिप्टिन या गोळीचंच बघा. 2022 मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी ती जनऔषधीत आली, 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना. नावाजलेल्या कंपन्यांचं तसंच पाकीट तेव्हा 160 पासून अडीचशेच्या पुढे होतं. त्या दरांनी रोज एक गोळी धरली तरी महिन्याला किमान तीनशे रुपये वाचत होते.

आमच्या आळीतल्या एक मावशी पैसे पुरावेत म्हणून गोळी एक दिवसाआड घेतात. डॉक्टरांना सांगायला त्यांना लाज वाटते. शुगर वाढलेली दिसते, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि खर्च आणखी वाढतो! तीनशे रुपयांचं मोल अशा घरात कळतं.

स्वस्त म्हणजे कमअस्सल का? मलाही हीच काळजी होती. पण इथे दर कमी असतात ते जाहिरातीचा आणि कंपनीच्या प्रतिनिधींचा खर्च नसल्यामुळे. माल केंद्रांवर जाण्याआधी प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. आईच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बदलल्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) केली, ती होती तिथेच आहे.

खरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टर लिहितात ब्रँडचं नाव, केंद्रात औषध असतं घटकाच्या नावाने. अशा औषधांत लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरं काही स्वतःहून द्यायला दुकानदाराला नियमाने मनाई आहे, त्यामुळे काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. तपासणीच्या वेळीच म्हणायचं, ‘डॉक्टर, घटकाचं नाव लिहून द्या.’ आधीच्या एका डॉक्टरांनी यावर तोंड वाकडं केलं होतं. वास्तविक जेनेरिक, म्हणजे घटकाचं, नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. मागायला अजिबात संकोचू नका.

एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेलं प्रत्येक कॉम्बिनेशन इथे मिळेलच असं नाही. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि दर दिसतात, तरी निघण्याआधी एक फोन करावा. खेड्यातल्या माणसाला एसटीचं भाडं घालून तालुक्याला यावं लागत असेल, तर वाचलेले पैसे तिकिटातच जातात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात असं एक केंद्र हवं, असं मला मनापासून वाटतं.

जाताच आहात तर घरातल्या मुलींसाठी ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडही विचारा. 2019 पासून एका पॅडला 1 रुपया आहे.