थायरॉईड: सुस्त की सुसाट?

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दोघींना थायरॉईड आहे, पण तऱ्हा अगदी उलट.

काकींना हायपो, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुस्त. मे महिन्यातही अंगावर शाल. मिसळ सोडली, जेवण कमी केलं, तरी वजन चढतंच. त्वचा कोरडी, पोट साफ नाही, आवाज घोगरा, पाळीत रक्तस्राव जास्त. हे इतकं हळूहळू येतं की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते जास्त फसवा हाच.

वहिनींना हायपर, म्हणजे तीच ग्रंथी सुसाट. पांढरा रस्सा दोन वाट्या जास्त रिचवूनही वजन उतरतंय. थंडीत घाम, हात थरथरतात, छातीत धडधड, झोप उडालेली. काहींचे डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात.

थकवा आणि केसगळती दोन्हीकडे, म्हणून रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, बघायचा. हायपोत तो सहसा वाढतो, हायपरमध्ये घटतो. इथंच लोक गोंधळतात. बैल सुस्तावला की गडी जास्त हाकारतो ना, तसं! मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सुस्त थायरॉईडला टीएसएच सोडून हाकारत राहते, म्हणून आकडा चढतो.